तिसरी रांग

"अजून एक सेंटीमीटर आत घे," रोसमिरा म्हणाली.

ती माझ्या दुकानातल्या पडद्याआडून बोलत होती. तिला श्वास पुरत नव्हता, हे आवाजावरूनच कळत होतं. शब्द तोकडे, आणि प्रत्येक दोन शब्दांनंतर एक थांबा. माझ्या धंद्यात बाईचं माप आधी कानाला कळतं, टेप नंतर.

"कुठून घेऊ?" मी म्हटलं. "आत आता तूच उरलीयेस."

"तीच तर जास्त झालीय."

पाल्मिरा गावात फाहा शिवणाऱ्या आम्ही बायका दर दोन गल्ल्यांना एक आहोत. शेजारच्या मोठ्या शहरात जाऊन पोटाची, कमरेची, पाठीची शस्त्रक्रिया करून आलेली बाई दवाखान्यातून निघते तीच मुळी फाहा अंगात घालून. ताणाचं जाड कापड, मांडीपासून छातीखालपर्यंत, समोर हुकांची ओळ. सूज उतरावी, आत पाणी साचू नये, सुटी झालेली कातडी खालच्या अंगाला नीट चिकटून बसावी, म्हणून ते सगळं. हुकांच्या घरांच्या तीन रांगा असतात. सुरुवातीला पहिली रांग. सूज ओसरली की दुसरी, मग तिसरी. तिसरीसुद्धा सैल व्हायला लागली की बाई माझ्याकडे येते आणि मी शिवण आत घेते. आमच्याकडे बायका एकमेकींना रस्त्यात थांबवून विचारतात, "काय गं, कितवीत आहेस?" शाळेतल्या पोराला विचारावं तसं. तिसरीत गेलेल्या बाईची मान जरा वेगळीच असते.

रोसमिरा फेब्रुवारीपासून तिसरीत होती. आता एप्रिल उजाडला होता.

आम्ही दोघी एकाच बाकावर शिकलो. ती पुढे पंधरा वर्षं चपलांच्या कारखान्यात चामडं शिवत होती, मी कापड. तेव्हाच तिचं अंग वाढत गेलं आणि चाळिशीनंतर ते एकशे अठरा किलोवर जाऊन थांबलं. मग जठर लहान करायचं ऑपरेशन झालं, अडीच वर्षं वाटीभर सूप आणि चमचाभर भात यांवर काढली आणि ती सहासष्ट किलोची झाली. पण कातडी काही तिच्याबरोबर लहान झाली नाही. पोटावरून खाली लोंबायची, थोरल्या बहिणीचा झगा धाकटीला घातल्यासारखी. रोसमिरा तिची घडी घालून चड्डीत खोचायची आणि वर म्हणायची, "एडिल्मा, मी बारीक झाले, पण माझी पिशवी इथेच राहिली." नोव्हेंबरात डॉक्टरांनी ती पिशवी काढली, कंबर बेतून दिली. सहा आठवडे दिवसरात्र फाहा, पुढचे सहा आठवडे दिवसातून बारा तास, मग बंद, असं त्यांनी सांगितलं.

सांगितलं त्यांनी. ऐकलं कोणाचं? माझं.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं आहे: 'डॉक्टर कापतो, फाहा घडवते.' हे वाक्य मीच जुळवलं, नऊ वर्षांपूर्वी, आणि मला ते फार आवडलं होतं. येणाऱ्या प्रत्येकीला मी ते तोंडानंही ऐकवायचे. आता त्या ओळीखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे, 'तीही डॉक्टर सांगेल तोवरच.' पण ती नंतरची. एप्रिलात वरची एकटीच ओळ होती, आणि रोसमिरानं ती देवाच्या आज्ञेसारखी मनात धरली होती.

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय ना तुला?" मी पडद्याआड डोकावले. बरगड्यांच्या खाली फाहाची कड जिथे संपायची तिथे लाल वळ उठला होता, आणि त्याच्या मधोमध कातडी ओलसर दिसत होती. "हे बघ. हे काय आहे?"

"घामोळं."

"घामोळं सरळ रेषेत येतं?"

"माझं येतं."

"मागच्या आठवड्यात बेकरीच्या रांगेत कोण पडलं होतं मग?"

"पडले नव्हते. बसले होते."

"जमिनीवर?"

"खुर्ची नव्हती." तिनं हूक काढायला सुरुवात केली, एकेक, खालून वर. शेवटचा सुटला तशी ती चटकन पडद्यामागच्या खाटेवर आडवी झाली, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि दोन्ही हात पोटावर दाबून धरले. "आटप. मला असं राहवत नाही."

"काय होतं गं असं?"

ती छताकडे बघत राहिली. "सांडल्यासारखं वाटतं. वाटतं, ती जुनी रोसमिरा दाराबाहेर उभी आहे. फाहा काढली की तिला आत यायला वाट मिळते. हसू नकोस."

मी हसले नव्हते. मी फाहा घेऊन मशीनवर बसले आणि त्या दिवशी खरोखर एक सेंटीमीटर आत घेतली. मैत्रीण आहे, मागतेय, म्हणून. ती घालून गेली तेव्हा तिच्या चालण्याकडे मी दारातून बघत होते. कमरेतून वाकणं नाही, वळणं नाही. उंच कपाट दोघांनी धरून हलवावं तसं ते चालणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एवेलियो आला. तिचा नवरा. सदतीस वर्षं साखर कारखान्याच्या बस चालवून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. टोपी हातात घेऊन तो बराच वेळ माझ्या दुकानातल्या बिनडोक्याच्या पुतळीकडे बघत उभा राहिला. तिच्या अंगात नमुन्याची फाहा होती.

"एडिल्माताई," तो म्हणाला, "ती झोपते पण त्यातच."

"माहीत आहे."

"जेवत नाही नीट. दोन घास, की झालं. गच्च झालं म्हणते. ते धुतलं की वाळेपर्यंत अंथरुणात पडून राहते, दार लावून. मलासुद्धा आत येऊ देत नाही. मी गच्चीवर वाळत घालतो, मीच काढून आणतो, दाराच्या फटीतून देतो." त्यानं टोपी फिरवली. "रविवारी म्हाताऱ्यांच्या नाचाला जायचो आम्ही. ती जाड होती तेव्हापण. जाड होती पण काय नाचायची! आता मी पाठीवर हात ठेवतो तर सूटकेसवर ठेवल्यासारखं लागतं."

मी पुतळीच्या फाहाचा सुटलेला हूक लावला.

"तुम्ही तिला त्यात घातलंत," तो म्हणाला. रागानं नाही, बसथांबा सांगावा तसं. "तुम्हीच काढा."

आता कसं काढायचं? समजावून झालं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'बंद' लिहून दिलं होतं, ती चिठ्ठी तिनं फ्रिजवर लावली होती आणि तिच्यावर खरेदीची यादी अडकवली होती. मी जर म्हटलं असतं की शिवून देणार नाही, तर ती पुढच्या गल्लीतल्या मार्लेनीकडे गेली असती, आणि मार्लेनी काय, सांगितलं तर खांबालासुद्धा आवळून देईल.

मग मे महिन्यात ती पुन्हा आली, "अजून एक," म्हणत. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला फसवलं.

ती खाटेवर चादरीत पडलेली. मी मशीनवर, पाठ तिच्याकडे. घरांची पट्टी उसवली, मागे कापडाचा तुकडा जोडला आणि ती पट्टी आत न घेता एक सेंटीमीटर बाहेर शिवली. रांगा तीनच, घरं तीच, फक्त सगळीच्या सगळी जरा पलीकडे सरकलेली. मशीनचा आवाज तोच असतो, आत घ्या की बाहेर.

तिनं फाहा घातली. हूक लावले. थांबली. मीही टाचणी तोंडात धरून थांबले.

"कितवी?" मी विचारलं.

तिनं बोटानं चाचपलं. "तिसरी." मग खांदे जरा खाली आले. "आता बरी बसली बघ. आधीचं तुझं काम चोख नव्हतं."

"नव्हतंच," मी म्हटलं.

माणसाला घट्टपणा कळतो तो अंगावरून नाही, आकड्यावरून. हे मला नऊ वर्षं शिवून कळलं नव्हतं, त्या दुपारी कळलं. दर तीन आठवड्यांनी ती येत राहिली आणि दर खेपेला मी एक सेंटीमीटर बाहेर सरकत राहिले. मे, जून, जुलै. ती तिसऱ्या रांगेतच होती, मान तशीच ताठ. पण तिसऱ्या खेपेला तिनं माझ्याकडचं लुलो फळाचं सरबत अख्खा पेला प्यायलं आणि पेल्यात डोकावून म्हणाली, "थोडंच होतं की." चौथ्या खेपेला मार्लेनीच्या नवऱ्याची नक्कल करताना ती खो खो हसली, खोकला येईपर्यंत हसली, पोटातून येणारं ते हसू मी वर्षभर ऐकलं नव्हतं. वळ फिका पडत चालला होता. पाचव्या खेपेला माझ्या हातातून टाचण्यांचा डबा पडला. मी उठायच्या आत ती खाली वाकली आणि पटापट टाचण्या गोळा करायला लागली. मी बघत राहिले. तिला कळलंही नाही की ती वाकली आहे.

एवेलियो अधूनमधून दारावरून जायचा. आत यायचा नाही. नुसती टोपी उचलायचा.

मला वाटलं होतं असंच सरकत सरकत एक दिवस ती फाहा नुसता झगा होईल आणि आपोआप गळून पडेल. काय एकेक भ्रम असतात माणसाचे. चामड्यावर पंधरा वर्षं सुई चालवलेल्या बाईला मी टाके लपवायला निघाले होते.

ऑगस्टात आमच्याकडे वारा सुटतो आणि उसाचे फड पेटवतात. पाचट जळतं, आणि त्याची काळी, लांबट राख गावभर तरंगत येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर नेमकी पांढऱ्या रंगाला शोधून बसते. एरवी राख दिसली की एवेलियो गच्चीवर धावायचा. त्या गुरुवारी तो भावाकडे बुगाला गेला होता. रोसमिरानं स्वतःच फाहा धुतली, स्वतःच वाळत घातली आणि खोलीत जाऊन चादरीत पडली; राख दिसली तशी तीच गच्चीवर धावली.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते इतकंच: दुपारी अडीचची वेळ, मी एका मुलीच्या फाहाला चेन लावतेय, आणि दारातून सरळ दिसणाऱ्या चौकातून, बेकरीवरून, रोसमिरा तरातरा येतेय. अंगात फुलाफुलांचा घरचा झगा, पायात नवऱ्याच्या चपला, केसांत राखेचे दोन तुकडे. हातात ओली फाहा, मानेला धरून आणलेल्या कोंबडीसारखी.

आत येऊन तिनं ती माझ्या मशीनवर आपटली. पाणी उडालं.

"हे काय आहे?"

"फाहा," मी म्हटलं.

"शहाणपणा करू नकोस." तिनं ती उचलून खिडकीच्या उजेडात ताणून धरली. "राख झटकायला उन्हात धरली तर हे. बघ. भोकं बघ. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच जुन्या शिवणी. आणि सगळ्या आतल्या बाजूला! म्हणजे पट्टी बाहेर सरकलीय. मला काय सुई कळत नाही? तू काय मला मार्लेनीचं गिऱ्हाईक समजलीस?"

"नाही."

"पाच वेळा! मी इथे या खाटेवर जीव मुठीत धरून पडलेय, आणि तू तिकडे पाठ करून माझा गळा कापतेयस!"

"गळा नाही, कंबर," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

"चाळीस वर्षांची मैत्री आहे आपली, एडिल्मा! चाळीस! तुझ्या लग्नात तुझी शिवण उसवली तेव्हा चर्चच्या मागे बसून कोणी टाके घातले? मी! मी तुला सांगितलं का की बाहेर घेते आणि आत घेतली? आणि एवेलियो? त्याला माहीत होतं? म्हणूनच तो रोज आतली बाजू बाहेर करून वाळत घालायचा, सावलीत! दोघं मिळून! मी वेडी आहे ना, दुपट्यात बांधलेलं बाळ आहे ना मी!"

ती येरझाऱ्या घालत होती. पडद्यापासून दारापर्यंत, दारापासून मशीनपर्यंत. वळताना कमरेतून वळत होती. हात हवेत होते, दोन्ही. चेन लावून घ्यायला आलेली मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. मी गप्प बसले होते. चूक माझी होती, आणि बोलायला तोंडही नव्हतं. पण गप्प बसायचं दुसरंही एक कारण होतं. ते मला ती आल्या क्षणीच दिसलं होतं, तिला मात्र अजून दिसलं नव्हतं. मी देवाला म्हणत होते, अजून दोन मिनिटं हिला रागात ठेव.

"बोल ना! दातखीळ बसली का?"

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "मी फसवलं. तू मागितलंस ते दिलं नाही."

"का पण?"

"तू बेकरीत पडलीस म्हणून. आणि ते वाक्य भिंतीवर मी लिहिलं म्हणून."

ती थांबली. दम लागला होता, पण हा वेगळा दम होता, चालून आलेला. कमरेवर हात ठेवायला गेली, नेहमीसारखी, कड चाचपायला. हात झग्याच्या सुती कापडावर पडला आणि तिथेच राहिला.

खाली बघितलं. मग मशीनवर पडलेल्या ओल्या फाहाकडे. मग माझ्याकडे.

"म्हणजे मी..." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी अशीच आले?"

"दोन गल्ल्या."

"चौकातून?"

"चौकातून."

ती हळूच खाटेच्या कडेवर टेकली. आडवी झाली नाही, टेकली. दोन्ही हात पोटावर. मला वाटलं आता रडेल.

"कोणी बघितलं?"

"बेकरीबाहेर ते नेहमीचे दोघे म्हातारे डोमिनो खेळत होते."

"मग?"

"त्यांनी डाव थांबवला नाही."

तिनं मान वर केली. "अजिबात नाही?"

"मान पण वर केली नाही."

"मेले," ती म्हणाली, आणि तिला खरंच जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

भिंतीला चिकटलेल्या मुलीला हसू फुटलं. तिनं ते खोकल्यात लपवलं.

रोसमिरा उठली. नाक पुसलं. "ठीक आहे. जिथे होती तिथे घे परत. पाचही सेंटीमीटर. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर. मी आडवी होणार नाही, इथे उभी राहून बघणार."

"घेते," मी म्हटलं. "पण माप लागेल."

"वहीत आहे माझं माप."

"ते फेब्रुवारीचं. अंगात काही नसतानाचं शेवटचं. त्यानंतर तू कधी मोजू दिलंस?"

मी टेप घेतली. वही उघडून तिच्यासमोर धरली: फेब्रुवारी, कंबर, चौऱ्याऐंशी. तारीख मीच घातलेली, डॉक्टरांनी बंद सांगितलं त्या आठवड्यातली. मग झग्यावरून टेप फिरवली. ती डोळे मिटून उभी होती, सुई टोचून घेताना पोरं राहतात तशी.

"सांग," ती म्हणाली. "किती वाढलंय?"

"चौऱ्याऐंशी."

"खोटं."

"बघ."

"तू टेप आवळली असशील. तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? आण इकडे." तिनं टेप माझ्या हातातून ओढून घेतली, स्वतःच्या कमरेभोवती घातली, त्या मुलीला हाक मारली, "ए पोरी, तू वाच. हिच्या बाजूची आहेस का?"

"मी कोणाच्याच बाजूची नाही, मावशी," मुलगी वाकून बघत म्हणाली. "चौऱ्याऐंशी. नाही, साडेत्र्याऐंशी."

बाहेरून राखेचा एक तुकडा आत आला आणि पुतळीच्या खांद्यावर बसला.

"मे महिन्यापासून पाच सेंटीमीटर सैल," मी म्हटलं. "त्यात तू जेवलीस, हसलीस, माझ्या टाचण्या गोळा केल्यास. दाराबाहेर जर कोणी उभं असतं ना रोसमिरा, तर एवढ्या वाटेतून केव्हाच आत आलं असतं."

तिनं टेप सोडली नाही. साडेत्र्याऐंशीच्या खुणेवर अंगठ्याचं नख रोवून ती तशीच उभी राहिली. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी खुणेनं तिला गप्प राहायला सांगितलं.

"लबाड आहेस तू," शेवटी रोसमिरा म्हणाली. कोणाला म्हणाली ते मला कळलं नाही, मला की त्या फाहाला. "आणि एवेलियोला मी आज जेवायला देणार नाही."

"नको देऊस."

"घरी कशी जाऊ मी आता?"

मी फाहाकडे बघितलं. घालून देता आली असती, इस्त्री फिरवून दहा मिनिटांत वाळली असती. ती पण तिकडेच बघत होती. मी इस्त्री लावायला हात पुढे केला, कारण एवढ्या फसवणुकीनंतर निदान हे तरी तिचं तिला ठरवू द्यायला हवं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "ओली आहे. ओली घातली तर पुरळ उठतं." जरा थांबून, "उद्या बघू. तू चल माझ्याबरोबर चौकापर्यंत. माझ्या डाव्या बाजूनं चाल, म्हातारे त्या बाजूला आहेत."

मी मुलीला दुकानाकडे बघायला सांगितलं आणि निघाले. रोसमिरा माझ्या उजवीकडे, दोन्ही हात पोटावर घट्ट, नवऱ्याच्या चपला फटफट वाजवत. पाऊल आखडतं.

बेकरीपाशी आलो. म्हाताऱ्यांपैकी एकानं अखेर मान वर केली.

"काय रोसमिराबाई, एवेलियोच्या चपला पळवल्या?"

"त्याला अनवाणी ठेवणार आहे आठवडाभर," ती म्हणाली. "कारण विचारू नका."

"विचारतंय कोण," म्हातारा म्हणाला आणि त्यानं सोंगटी लावली.

बेकरीत ताज्या पांदेबोनोचा, चीजच्या त्या गोल पावांचा, वास होता. मालकानं रोसमिराला बघितलं, मागच्या वेळी इथेच जमिनीवर बसलेल्या बाईला बघितलं, आणि लगबगीनं खुर्ची पुढे केली.

"नको," ती म्हणाली. "उभी आहे मी. सहा दे." मग माझ्याकडे न बघता, "आठ दे. त्याला भूक लागली असेल बुगाहून येईपर्यंत."

त्यानं कागदी पिशवी भरून गल्ल्यावरून पुढे केली. भट्टीतून नुकतेच काढलेले पाव. तेवढी गरम पिशवी एका हातात धरवत नाही. या हातातून त्या हातात खेळवावी लागते. रोसमिरानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, पिशवी मी घेईन की काय म्हणून. मी रस्त्याकडे बघत राहिले.

तिनं पोटावरचे दोन्ही हात काढले आणि पिशवी घेतली.